आधी इंडेक्समध्ये बघा

सर दिवसातून वीस वेळा फोन करायचे आणि मी दिवसातून वीस वेळा चिडायचे. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं मला कुणी फार गुणाची समजायला नको.

"अगं, ते काय म्हणतात, मजकूर असतो पण पडद्यावर दिसत नाय, त्याला?"

"इनव्हिजिबल, सर."

"हां हां. ठेवतो."

पाच मिनिटं होत नाहीत तोवर परत. "अगं, खालची ती एक ओळ असते बघ, मेसेज येतो तिथं. तिचं नाव काय?"

मी गारखेड्यात राहते आणि घरी बसून एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. कुठलं बटण दाबलं की काय होतं, काय दाबू नये, दाबलंच तर काय करावं, असलं सगळं. दिसायला सोपं काम आहे, पण त्यात डोकं घालावं लागतं आणि डोकं घातलं की नेमका सरांचा फोन वाजायचा. आमच्या सासूबाई आतून ओरडायच्या, "उचल गं, तुझे सर असतील." त्यांनासुद्धा रिंग वाजायच्या आधीच कळायला लागलं होतं.

एक दिवस मी तडकले. हातात वेळ नव्हता, वरून गॅसवर दूध होतं. "सर, कमाल करता तुम्ही! एवढं मोठं मॅन्युअल आहे, त्याला मागं इंडेक्स आहे. मला विचारायच्या आधी इंडेक्समध्ये बघत जा ना!"

मग सर शांतपणे म्हणाले, "बघितलं, पोरी. माझ्या शब्दानं सापडत नाय."

दूध उतू गेलं ते गेलंच. पण ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यातून हललं नाही, कारण ज्या माणसावर मी ओरडले होते त्यानं मला कॉलेजात असताना एकच प्रश्न रोज विचारू दिला होता आणि एकदासुद्धा आवाज चढवला नव्हता.

सरांचा कॉम्प्युटर क्लास पिठाच्या गिरणीच्या वर होता. खाली पट्टा सुरू झाला की वरच्या खुर्च्या थरथरायच्या आणि कीबोर्डवर कायम पिठाचा पातळ थर. सर दौलताबादजवळच्या एका खेड्यातले, मेंढपाळाच्या घरातले. त्यांच्या घरात कॉम्प्युटर हा शब्द त्यांनीच आणला. आम्हाला त्यांनी प्रोग्रॅम लिहायला शिकवलं ते एका टेक्स्ट एडिटरमध्ये. म्हणजे असा प्रोग्रॅम की ज्यात बसून बाकीचे प्रोग्रॅम लिहितात. हा एडिटर फुकट मिळतो, जगभरातली माणसं मिळून तो बनवतात, आणि त्याची गंमत अशी की त्यालाच शिकवता येतं. तुम्हाला हवं तसं वागायला त्याला भाग पाडता येतं. फक्त ते कसं करायचं हे सांगणारं मॅन्युअल हजार पानांच्या वर आहे. सरांना त्यातलं निम्मं तोंडपाठ होतं, आणि मला एक गोष्ट काही केल्या पाठ होत नव्हती.

ती गोष्ट अशी. प्रोग्रॅमला फाइलमध्ये दुसरीकडं पाठवायचं, तिथं काम करवून घ्यायचं आणि जिथून निघाला तिथंच आणून सोडायचं. त्यासाठी एक खास कमांड आहे. मला तिचं नाव आठवायचंच नाही. मी रोज विचारायचे, "सर, ते तिकडं जाऊन येते, ते कसं लिहायचं?" सर हसायचे आणि फळ्यावर लिहायचे. दुसऱ्या दिवशी परत. पोरं फिदीफिदी हसायची. सर त्यांना म्हणायचे, "हसू नका रे. विचारतीया म्हणून शिकंल ती."

पुढं सरांना काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, मग मधलं धूसर झालं, आणि गेल्या दोनेक वर्षांत उजेड आणि अंधार एवढंच उरलं. पडदा वाचून दाखवणारा बोलका प्रोग्रॅम त्यांनी शिकून घेतला. हेडफोन लावून बसायचे. पण जे पुस्तक त्यांनी डोळ्यांनी चाळलं होतं ते आता कानानं चाळता येईना. चाळणं ही गोष्ट कानाला जमतच नाही. कान एका टोकाला सुरू करतो आणि सरळ चालत राहतो.

क्लासमधली पोरं हळूहळू कमी झाली. न दिसणारे सर नको, असं तोंडावर कुणी बोललं नाही, पण फी भरायला आलेले पालक "विचार करून सांगतो" म्हणून जायचे आणि परत यायचे नाहीत. घरातून गावी जायची बोलणी सुरू झाली. गावाकडं भाऊ आहे, घर आहे, मेंढरं आहेत. "या की इकडं, आम्ही हाये ना बघायला," असं भाऊ मनापासून म्हणत होता. सरांना त्या मनापासूनचीच भीती वाटायची. एकदा मला म्हणाले, "गावाकडं काय होईल सांगू? बाजेवर बसायचं. कुणी चहा दिला की प्यायचा. ऊन आलं की कुणीतरी बाज सरकवायची. पंचवीस वर्षं लोकांना शिकवलं गं मी. मला सामानासारखं नाय सरकायचं."

तेवढ्यात एक दार उघडलं. चिकलठाण्याकडं लोखंडी सुटे भाग बनवणारी एक छोटी कंपनी आहे. मशीनला द्यायच्या प्रोग्रॅमच्या फायली असतात, त्यात एक आकडा चुकला तर मशीनचं लोखंड कापायचं हत्यार मोडतं. त्या फायली आधीच तपासून घ्यायची सोय सरांनी फार मागं त्यांना याच एडिटरमध्ये करून दिली होती. आता मशीनं नवीन आली, म्हणून ती सोय नव्यानं लिहायची होती आणि पुढंही सांभाळायची होती. मालकानं सरांनाच बोलावलं. भला माणूस. पण व्यवहाराचं बोलला. "सर, काम तुमचंच आहे. पण सोबतीला माणूस देता येणार नाही. पुढच्या महिन्यात एक दिवस या, आणि एकट्यानं या कामाचा एक तुकडा करून दाखवा. जमलं तर काम तुमचं."

एकट्यानं. म्हणजे मला फोन न करता.

म्हणून तर सर दिवसभर सराव करत होते आणि म्हणून वीस-वीस फोन. हे मला माहीत होतं, तरी मी दुधापायी ओरडले. असो.

त्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः इंडेक्स उघडला आणि सरांचे त्या आठवड्यातले प्रश्न एकेक करून शोधून पाहिले. एडिटरच्या आत मॅन्युअल वाचताना इंडेक्सची सोय फार छान आहे. एक बटण दाबायचं, शब्द लिहायचा, आणि तो तुम्हाला थेट त्या जागी नेऊन सोडतो. डोळे नसलेल्या माणसाला तर तोच एक दरवाजा. पण शब्द मात्र इंडेक्समध्ये असलेलाच हवा. मी "हायडिंग" लिहिलं, नाही मिळालं. "बॉटम लाइन" लिहिलं, नाही मिळालं. दहातले सात प्रश्न कोरडे गेले. इंडेक्स करणाऱ्यांची हुशारी नाकारत नाही मी, पण तो त्यांनी स्वतःला आधीच माहीत असलेल्या नावांनी केला होता. नाव माहीत असेल तरच नाव सापडत होतं. मला इतका राग आला की विचारू नका! कुणाचा, ते मात्र सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशीपासून सरांचा फोन आला की मी उत्तर द्यायच्या आधी त्यांचा प्रश्न वहीत उतरवायला लागले. त्यांच्याच शब्दांत, जसाच्या तसा. "खालची ओळ." "लपवलेला मजकूर." "फाइल उघडली की आपोआप काहीतरी व्हावं." "मधेच थांबवायचं, पण नासधूस न होता." इंग्रजीत शोधताना ते जे शब्द वापरायचे तेही. रोज सकाळी घरातलं आटोपलं की बसायचं, आणि मॅन्युअलच्या मूळ फाइलमध्ये योग्य जागी एक-एक ओळ घालायची: हा शब्द शोधला तर इथं आण. एका नोंदीला एक ओळ. इंग्रजी नोंदी त्या एडिटरच्या मंडळींना पाठवायच्या आणि मराठी आमच्या दोघांच्या प्रतीत ठेवायच्या, असा बेत.

तिकडं कुठंतरी लांब बसून हे मॅन्युअल सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझी पहिली खेप त्यांना गेली आणि उत्तर आलं, सभ्य पण कोरडं. नोंदी ठीक आहेत, पण या शब्दानं हे कोण शोधेल?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोण शोधेल! मी चांगलं पानभर उत्तर लिहिलं. तुम्हाला काय माहीत, इथं गिरणीच्या वर बसून किती जण तुमचा एडिटर शिकले, वगैरे वगैरे. मग चहा प्याले, ते सगळं पुसलं आणि एकच ओळ लिहिली. "काल एका वाचकाने हे याच शब्दाने शोधले आणि त्याला सापडले नाही." तासाभरात नोंदी घेतल्या गेल्या. पुढं मी प्रत्येक खेपेसोबत हीच ओळ लिहायला लागले. तो वाचक कोण, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सरांच्या कंपनीतल्या परीक्षेला दोन आठवडे उरले तेव्हा माझ्या वहीत दीडशेच्या वर प्रश्न राहिले होते. असं एकेक करून भागणार नाही, हे मला कळलं. मी कामाच्या ठिकाणी दोन दिवस रजा टाकली, ठिय्या मारून बसले आणि सगळ्या नोंदी एकदम करून टाकल्या. आणि मला नीटनेटकेपणाची भारी खोड. आधीच्या नोंदी इथं एक, तिथं एक अशा विखुरल्या होत्या, ते मला बघवेना. म्हणून या खेपेला एका प्रकरणाच्या सगळ्या नोंदी गोळा करून त्या त्या प्रकरणाच्या शेवटी, मजकूर संपल्यावर, ओळीनं लावल्या. देखणं दिसत होतं अगदी. शब्द शोधून पाहिला, बरोबर पान उघडलं, हवा तो मजकूर समोर. झालं. अजून तिकडं पाठवलं नव्हतं, पण सरांच्या मशीनवर जाऊन बसवून आले आणि म्हटलं, "सर, आता बघा. आता मला फोन करायची गरजच पडणार नाही."

आणि खरंच पडली नाही. त्या दिवशी फोन नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मी काय खूश! सासूबाईंना म्हटलं, बघा, दोन दिवस झाले, वाजला का फोन? तिसऱ्या दिवशी छावणी भागात काम होतं, येताना तिथल्या बेकरीतून नानखटाई घेतली आणि कौतुक करून घ्यायला सरांकडं गेले.

काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दार उघडलं. चेहरा उतरलेला. मला आत घ्यायच्या आधीच हळू आवाजात म्हणाल्या, "तू काय बसवून गेलीस गं त्याच्यात? दोन दिस झाले, धड जेवले नाहीत. दीरांना फोन लावायला सांगितला मला. रविवारी टेम्पो घेऊन ये म्हणून."

मी चपला दारातच टाकून आत गेले.

सर खुर्चीवर बसले होते. हेडफोन टेबलावर काढून ठेवलेले. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "ये. बस." मी विचारलं, काय झालं सर, तर म्हणाले, "काय नाय. डोळे गेले ते गेले. आता डोकंबी चाललंय."

मग हळूहळू बोलले. शब्द लिहितो, इंडेक्स नेऊन सोडतो, बोलका प्रोग्रॅम वाचायला लागतो, आणि ते भलतंच काहीतरी असतं. लपवलेल्या मजकुराचं विचारलं की रंगांचं सांगतो. थांबवायचं विचारलं की घड्याळाचं. दहादा केलं, पंधरादा केलं. शब्द बदलून पाहिले. सगळीकडं तेच. "मला ऐकलेलं समजंना झालंय, पोरी. एवढं सोपं करून दिलंस तू, आणि मला त्यातलं काय कळत नाय."

"मग मला फोन का नाही केला?"

"काय सांगू फोन करून? तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार."

मी त्यांच्या शेजारी बसले, हेडफोन घातले आणि एक शब्द लिहिला. समोर पडद्यावर बरोबर पान उघडलं. सगळं बरोबर होतं! लपवलेल्या मजकुराचं प्रकरण समोर ढळढळीत दिसत होतं. आणि कानात रंगांचं वाचन सुरू झालं.

मी पडद्याकडं बघितलं, कानातलं ऐकलं, परत पडद्याकडं बघितलं. मग पडदा बंद केला आणि पुन्हा तोच शब्द लिहिला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इंडेक्स वाचणाऱ्याला जिथं ती नोंदीची ओळ लिहिलेली असते तिथंच नेऊन सोडतो, अगदी त्याच ओळीवर. मी ती ओळ मजकूर संपल्यावर ठेवली होती. म्हणजे वाचणारा मजकुराच्या खाली उतरत होता, आणि तिथून पुढं वाचायला लागलं की पुढचं प्रकरण. डोळे असलेल्याला काही फरक पडत नाही, त्याला वरचा मजकूर दिसतोच. म्हणून तर मला पत्ता लागला नाही. ज्याला वर बघताच येत नाही, त्याला मी दीडशे वेळा चुकीच्या दारात उतरवलं होतं. ओळ परिच्छेदाच्या वर घालायची असते. हे या कामातलं पहिलं शिक्षण आहे, आणि मी, लोकांसाठी माहितीपुस्तकं लिहिणारी, नीटनेटकेपणाच्या नादात ते विसरले होते.

मला रडू आलं. अगदी हुंदका फुटला. "सर, तुमचं डोकं ठीक आहे. माझंच फिरलंय." आणि काय झालं ते सगळं सांगितलं.

सर ऐकत राहिले. मग विचारलं, "म्हंजे तो रंगांचं वाचत होता ते खरंच रंगांचंच होतं?"

"हो."

"आणि घड्याळाचं म्हंजे घड्याळाचंच?"

"हो, सर."

"म्हंजे मला बरोबर ऐकू येत होतं?"

"शंभर टक्के."

सर इतक्या जोरात हसले की काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अगं, टेम्पो रद्द करायला सांग! आणि चहा टाक. हिनं आणलंय ते काय आहे, वास येतोय मगाधरनं." एका दमात चार नानखटाया खाल्ल्या माणसानं. मी मात्र पुढचा तासभर डोळे पुसत होते आणि काकू मला "बास कर आता, येडी कुठली" म्हणत पाणी देत होत्या.

परीक्षेला दहा दिवस होते. त्यातले सहा दिवस मी रोज सकाळी सरांकडं जाऊन बसले. दीडशे ओळी उचलून एकेक करून आपापल्या परिच्छेदाच्या डोक्यावर न्यायच्या होत्या. या वेळी मी पडदा बंद ठेवून तपासायचे, कानानं. सर शेजारी. नोंद लिहिली की ते शब्द टाकायचे, ऐकायचे आणि म्हणायचे "आलो" किंवा "अजून एक पाऊल वर." कुठं मी इंग्रजी शब्दावर अडून बसले, की हा शब्द आधीच आहे, दुसरा कशाला, तर ते म्हणायचे, "आमच्याकडं एकाच मेंढीला घरात तीन नावं असायची. आईचं एक, भावाचं एक, आणि ज्याच्याकडनं आणली त्याच्यावरनं एक. कुणीबी कुठल्याबी नावानं हाक मारली तरी मेंढी तीच यायची. तू कशाला कंजूषपणा करतीस?" मग मी तिन्ही घालायचे.

खरं सांगते, त्या सहा दिवसांइतकं काम मला आयुष्यात कधी गोड लागलं नाही.

तो दिवस उजाडला. सरांनी आदल्या दिवशीच मला बजावलं होतं, "उद्या फोन करणार नाय. घरीच ठेवून जातोय." त्यांना रिक्षातून सोडायला काकू गेल्या आणि कंपनीच्या फाटकावरून परत आल्या. मी घरी कामाला बसले. म्हणजे बसले नुसती. अकराला वाटलं, आता त्यांना खालची ओळ लागेल. सापडली असेल ना? बाराला वाटलं, मधेच थांबवायची नोंद, तिला मी एकच शब्द दिलाय, दोन द्यायला हवे होते. फोन समोर ठेवलेला. एकदा वाजला तर झडप घातली. क्रेडिट कार्ड हवं का म्हणून विचारणारी कुणी बाई होती, तिला मी इतकं बोलले की तिनं माफी मागून फोन ठेवला. बिचारीचा काय दोष? सासूबाई म्हणाल्या, "वाजला तरी चिडतीस, नाही वाजला तरी चिडतीस. करायचं तरी काय माणसानं?"

चारच्या पुढं काकूंच्या नंबरवरून फोन आला. पलीकडं सर.

"सोमवारपासून ये म्हणाले."

"एकट्यानं केलंत?"

"एकट्यानं कुठलं," सर म्हणाले. "तू बसली होतीस की आत."

मग फोन काकूंनी घेतला आणि म्हणाल्या, उद्या जेवायला या सगळे, वांग्याचं भरीत करतेय.

त्यानंतर सरांचे फोन बंद झाले. साहजिकच होतं. एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता. आठवडा गेला, दोन गेले. माझं काम धडाधड उरकायला लागलं, दूध एकदाही उतू गेलं नाही, आणि मला मेलं काही गोड लागेना. अकराच्या सुमारास हात उगाच फोनकडं जायचा. वीस वेळा चिडायची सवय लागली होती, ती एकदम बंद झाली. आपण एखाद्याला स्वतःच्या पायावर उभं केलं की आनंद होतो म्हणतात. होतो, पण सोबत दुसरंही काहीतरी होतं, आणि ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

महिना झाला असेल. एक दिवस सकाळी मेल उघडली तर आमच्या दोघांच्या प्रतीसाठी एक दुरुस्ती आलेली. पाठवणारे सर. त्यांनी स्वतः केलेली पहिली नोंद. एकच ओळ घातली होती, आणि ती परिच्छेदाच्या बरोबर वर होती, मजकुराच्या डोक्यावर. नोंदीचे शब्द होते, "तिकडं जाऊन येणे."

मी बघतच राहिले. सरांचे दीडशे प्रश्न मी घातले होते, एकेका गोष्टीला तीन-तीन नावं दिली होती. आणि स्वतःचा, रोज विचारलेला, सगळा वर्ग हसायचा तो प्रश्न घालायचा मला सुचलाच नव्हता. कारण मला आता उत्तर माहीत होतं. त्या कमांडचं खरं नाव मी दिवसातून दहा वेळा टाइप करते.

खाली, दुरुस्तीचं कारण लिहायच्या जागेवर, सरांनी माझीच ओळ घेतली होती. "एक वाचक हे याच शब्दाने रोज शोधत होती आणि तिला सापडत नव्हते. मी तेव्हा फक्त तोंडी सांगितले. तिच्यामागून आलेल्यांसाठी लिहून ठेवायला हवे होते, ते आज ठेवतो आहे."

मी ती दुरुस्ती घेतली. डोळे पुसले, फोन उचलला आणि सरांना लावला. विचारायचं काहीच नव्हतं. दोन रिंगनंतर त्यांनी उचलला, मागं मशीनांचा आवाज होता, आणि मी नुसतं "सर" एवढंच म्हटलं.

"बोल पोरी," सर म्हणाले. "आधी इंडेक्समध्ये बघितलंस का?"